कीबोर्डवरील स्टेप रेकॉर्डिंग: सुराची जागा, सुराची लांबी आणि आपले ताल

मंद्रसप्तक

कीबोर्डवर गाण्याचा ट्रॅक तयार करणारे बहुतेक जण मेट्रोनोम लावून थेट वाजवतात आणि पुढेमागे पडलेले सूर नंतर क्वांटाइझ करून जागेवर आणतात. त्याच मेनूमध्ये असलेला स्टेप रेकॉर्डिंगचा पर्याय मात्र ‘ज्याला वाजवता येत नाही त्याची सोय’ म्हणून बाजूला ठेवला जातो. हा समज मला मुळीच पटत नाही. स्टेप रेकॉर्डिंगमध्ये घड्याळ थांबलेले असते. आपण एक सूर दाबून सोडतो, यंत्र तो नोंदवते, ठरवून दिलेल्या अंतराएवढे पुढे सरकते आणि पुन्हा आपली वाट पाहत थांबते. प्रत्येक सुराबद्दल निर्णय घ्यायला इथे हवा तेवढा वेळ मिळतो, आणि निर्णय घ्यावाच लागतो. थेट वाजवताना जे हाताच्या सवयीने होऊन जाते, ते इथे जाणीवपूर्वक सांगावे लागते.

भातखंडे पद्धतीची स्वरलिपी ज्यांना येते त्यांना ही रीत लवकर समजेल. तिथे मात्रेखाली सूर लिहितात, सूर पुढच्या मात्रेवर लांबला की आडवी रेघ देतात, आणि एका मात्रेत अनेक सूर असतील तर त्यांच्याखाली कंस काढतात. कीबोर्डवर रेघेचे काम ‘टाय’ हे बटण करते आणि कंसाचे काम स्टेपची लांबी कमी केल्याने होते. एक फरक मात्र मोठा आहे. लिपीतल्या रेघेवर सूर धरून ठेवायचा की मध्येच श्वास घ्यायचा, हे गाणारा स्वतः ठरवतो. यंत्राला ते कळत नाही. सूर चालू ठेवायचा असेल तर टाय आणि शांतता हवी असेल तर रेस्ट, असे प्रत्येक जागी स्पष्ट सांगावे लागते.

या पद्धतीत नवा माणूस जिथे अडतो ती जागा बहुधा एकच असते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. प्रत्येक सुराला वेळेची दोन वेगवेगळी मापे असतात. हा सूर सुरू झाल्यावर पुढचा सूर किती वेळाने सुरू होणार, हे पहिले माप, म्हणजे स्टेप टाइम. हा सूर प्रत्यक्षात किती वेळ वाजत राहणार, हे दुसरे, म्हणजे गेट टाइम. काही कीबोर्डवर त्याला नोट ड्युरेशन असे नाव असते. रोलँड कंपनीच्या १९७७ मधील एमसी-८ या यंत्रात सुराची उंची, स्टेप टाइम आणि गेट टाइम हे तिन्ही आकडे अंकांच्या कळांवरून एकेक करून भरावे लागत. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने त्याच यंत्रावर आपले सुरुवातीचे काम उभे केले. आजच्या कीबोर्डवर आकड्यांऐवजी पट्ट्या दाबता येतात, पण आतली व्यवस्था तीच आहे.

समजा, यंत्र एका बीटचे, म्हणजे आपल्या एका मात्रेचे, ४८० भाग करते. मग अर्ध्या मात्रेची स्टेप २४० भागांची, पाव मात्रेची १२० भागांची आणि एका मात्रेत तीन सूर बसवायचे असतील तर १६० भागांची होते. अर्ध्या मात्रेच्या स्टेपवर ड्युरेशन ८५ टक्के ठेवले, तर सूर २०४ भाग वाजतो आणि उरलेले ३६ भाग शांत राहतात. ड्युरेशन ५० टक्के केले की तोच सूर तुटक होतो, १०० टक्के केले की पुढच्या सुराला चिकटतो. या तिन्ही वेळी पुढच्या सुराची जागा जराही हलत नाही. लय बदलायची असेल तर स्टेपला हात लावावा आणि उच्चार बदलायचा असेल तर ड्युरेशनला, हे एकदा मनात पक्के झाले की निम्मे काम सोपे होते.

जोरासाठी, म्हणजे वेलोसिटीसाठी, अनेक यंत्रांत दोन पर्याय असतात: एक ठरावीक आकडा, किंवा पट्टी जितक्या जोराने दाबली तितका. मिडीमध्ये, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातील संदेशांच्या प्रमाणित पद्धतीत, हा जोर १ ते १२७ या मापात मोजला जातो. ठरावीक आकडा ठेवला की सगळे सूर एकाच उंचीच्या विटांसारखे लागतात आणि मग लोक म्हणतात की स्टेप रेकॉर्डिंग निर्जीव असते. घड्याळ थांबलेले असले तरी बोटाचा जोर यंत्राला कळतच असतो, म्हणून दुसरा पर्याय निवडून समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, सूर खरोखर समेसारखा दाबावा.

आपल्या तालांसाठी आणि मींडेसाठी (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यासाठी) इथले सदस्य काय करतात, हे वाचायला मला आवडेल.

पडघम

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझ्या दोन अडचणी आहेत. कॉर्ड लिहायला गेलो की तिचे तीन सूर कधीकधी तीन वेगळ्या स्टेप्सवर जाऊन बसतात. दुसरी अडचण अशी, की पाव मात्रेच्या स्टेपवर व्हायोलिनच्या समूहाच्या आवाजात एक जलद तान लिहिली आहे. ड्युरेशन १०० टक्के असूनही ती पुसट ऐकू येते. तीच तान पियानोच्या आवाजात स्वच्छ वाजते.

मंद्रसप्तक

पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे. दाबलेल्या सगळ्या पट्ट्या सुटल्या की मगच यंत्र पुढे सरकते. त्यामुळे कॉर्डचे सूर एकेक करून दाबले तरी चालतात, मात्र शेवटचा सूर दाबून होईपर्यंत आधीचे बोट उचलता कामा नये. मोठी कॉर्ड एका हातात मावत नसेल तर दोन्ही हात वापरावेत, कारण इथे डावा हात मोकळाच असतो.

दुसऱ्या अडचणीत तुमच्या लिहिण्याचा काही दोष नाही. १२० च्या टेम्पोवर एक बीट अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ५०० मिलिसेकंदांची असते आणि तिची पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची. व्हायोलिन समूहाचे कित्येक आवाज हळूहळू फुलत जातील अशा बेताने केलेले असतात. तो आवाज पूर्ण भरायच्या आधीच पुढचा सूर येऊन पोहोचतो. पियानोचा आवाज पट्टी दाबताक्षणी पूर्ण असतो, म्हणून तिथे तान स्वच्छ लागते. एक तर त्या आवाजाचा ॲटॅक टाइम (आवाज पूर्ण भरायला लागणारा वेळ) कमी करा, नाहीतर जलद वाजवण्यासाठी केलेला व्हायोलिनचा दुसरा आवाज निवडा. तान पियानोच्या आवाजात लिहून नंतर फक्त आवाज बदलायची सवय अनेकांना असते. ती सोयीची आहे, पण ड्युरेशन मात्र शेवटच्या आवाजावरच ठरवावे.

लयवेल्हाळ

तालांबद्दल लिहितो, कारण कीबोर्ड बहुतेक वेळा आपण चार बीटच्या मापात काम करतो असे गृहीत धरूनच सुरू होतो. केहरव्याच्या आठ मात्रा आणि त्रितालाच्या सोळा मात्रा त्या मापात सरळ बसतात. रूपक आणि झपताल बसत नाहीत. यंत्रात माप बदलायची सोय असेल तर रूपकासाठी ७/४ घ्यावे. झपतालासाठी ५/४ चे दोन बार (बीटचे ठरावीक गट) घेतले की २-३-२-३ असे विभाग नीट दिसतात आणि खाली, म्हणजे तालातली टाळी नसलेली जागा, दुसऱ्या बारच्या पहिल्या बीटवर येते.

माप बदलता येत नसेल तरी अडण्याचे कारण नाही. रूपकाची चार आवर्तने (तालाचे पूर्ण फेरे) म्हणजे २८ मात्रा, म्हणजेच चार बीटचे बरोबर सात बार. झपतालाची दोन आवर्तने म्हणजे २० मात्रा, म्हणजे पाच बार. सात किंवा पाच बारांचा तुकडा लिहून तोच पुढे कॉपी करत गेले की सम आणि बारची सुरुवात दर तुकड्याला एकत्र येतात. पडद्यावरचे बारचे आकडे मधल्या काळात तालाशी जुळत नाहीत, म्हणून कागदावर आवर्तनांचा हिशेब मांडून ठेवावा. स्टेप रेकॉर्डिंगचा खरा फायदा मला इथे दिसतो. मेट्रोनोमचा जोरकस ठोका दर चौथ्या मात्रेवर पडत असताना रूपक वाजवणे भल्याभल्यांना जड जाते. इथे तो ठोकाच नसतो.

कोळीगीतांच्या चालीबद्दलही सांगायला हवे. तो सहाचा डौल ४/४ मध्ये पाव मात्रांच्या स्टेपवर बसवायचा प्रयत्न अनेक जण करतात आणि सगळे गाणे ताठ होऊन बसते. ६/८ घेऊन अर्ध्या मात्रेच्या स्टेपवर लिहावे, किंवा ४/४ मध्येच राहायचे असेल तर एका बीटला तीन अशी स्टेप निवडावी, म्हणजे एका बारमध्ये बारा जागा मिळतात. ज्या यंत्रात सोळा चौकटींची जाळी असते आणि पॅटर्नची लांबी कमी करता येते, तिथे ती बारावर आणावी.

काळी_चार

वरील सर्व हिशेब बरोबर आहेत, परंतु मी थोडे वेगळे मत मांडू इच्छितो. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि शेजारी ऑक्टोपॅड व ढोलकी असते. ढोलकीवाला थाप नेमकी रेषेवर टाकत नाही. काही बोल तो किंचित आधी आणतो, काही किंचित मागे ठेवतो, आणि लावणीत त्या मागेपुढे होण्यातच सगळी मौज असते. स्टेपवर लिहिलेली ढोलकी कितीही जोर बदलून लिहिली तरी ती ढोलकी वाटत नाही. माझ्या मते तालवाद्य थेट वाजवूनच घ्यावे आणि क्वांटाइझही पूर्ण शंभर टक्के करू नये. स्टेप रेकॉर्डिंग बेस, कॉर्ड आणि गाण्याच्या सुरुवातीच्या ठरलेल्या म्युझिक पीसपुरते ठेवावे.

मंद्रसप्तक

ढोलकीबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. थाप आणि घुमारा यांचा बारीक हिशेब आकड्यांत मांडत बसण्यापेक्षा वाजवणाऱ्याचा हात रेकॉर्ड करणे केव्हाही चांगले. पण हेच कारण देऊन सुरांच्या वाद्यांनाही स्टेपपासून दूर ठेवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. जागा किंचित हलवणे स्टेपने लिहिल्यानंतरही शक्य असते. अर्ध्या मात्रेवरचा सूर सरळ लयीत २४० व्या भागावर पडतो आणि तिहेरी विभागणीत ३२० व्या भागावर. बहुतेक गाण्यांचा झोल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. आधी सरळ लिहून घ्यावे, मग इव्हेंट एडिटमध्ये, म्हणजे नोंदलेल्या सुरांचे आकडे एकेक करून बदलायच्या पानावर, त्या सुरांना २६० किंवा २८० वर नेऊन ऐकावे. ढोलकी आधी थेट रेकॉर्ड केलेली असेल तर तिच्या थापा कुठे पडल्या आहेत ते आकडे वाचता येतात आणि बेसचे सूर नेमके तिथे नेता येतात. वाजवणाऱ्याचा डौल अशा रीतीने लिहिलेल्या सुरांपर्यंत पोहोचवता येतो.

पट्टी_पांढरी_एक

सूर लिहून वाजवण्याचा विषय निघालाच आहे, तर मुंबईतल्या एका कामाचा उल्लेख इथे असायला हवा. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवले. त्यासाठी त्यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे वापरली. त्यांपैकी टीबी-३०३ वर पियानोसारखी मांडलेली बटणे असली तरी ते थेट वाजवायचे वाद्य नव्हे. तिथे आधी फक्त सुरांची उंची ओळीने भरायची, आणि नंतर वेगळ्या फेरीत प्रत्येक स्टेपवर नवा सूर, टाय किंवा रेस्ट यांपैकी काय आहे ते सांगायचे. वर ज्याला सुराची जागा आणि लांबी म्हटले आहे, ती तिथे सुरांच्या नावांपासून पूर्णपणे वेगळी केलेली होती. एकाच लयीत सूर बदलून पाहायचे किंवा तेच सूर दुसऱ्या लयीत टाकायचे, तर ही व्यवस्था फार सोयीची ठरते. रागाचे चलन कायम ठेवून लयीचे निरनिराळे साचे शोधणाऱ्याला आजही हा अभ्यास करण्यासारखा आहे.

त्या यंत्रात प्रत्येक सुराला ‘स्लाइड’ देता येत असे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर आवाज घसरत जाई. मींड म्हणावी इतकी ती सूक्ष्म नव्हती, कारण घसरण्याचा वेग आपल्या हातात नव्हता. तरीही पट्टीच्या वाद्यात दोन सुरांच्या मधली जागा लिहून मिळत होती. रोलँडच्याच १९८२ च्या एसएच-१०१ मध्ये शंभर स्टेप्सची जागा होती आणि रेस्ट व टाय तिथेही होते, पण सूर भरतानाच लय भरावी लागे. मला टीबी-३०३ ची दोन फेऱ्यांची रीत अधिक विचारपूर्वक केलेली वाटते.

गंधार_कोमल

मींड आणि कणस्वर यांवर मी बराच विचार केला आहे, म्हणून माझी पद्धत मांडते. कणस्वर, म्हणजे मुख्य सुराला लागून येणारा निमिषभराचा सूर, स्टेपने लिहिता येतो. पण तो कुणाच्या वेळेतून घ्यायचा, ते आधी ठरवावे लागते. मुख्य सूर ठोक्यावरच पडायला हवा असेल तर कणाचा वेळ आधीच्या सुरातून घ्यावा. आधीचा सूर २४० भागांचा असेल तर त्याला १८० भाग द्यावेत आणि उरलेल्या ६० भागांत कण लिहावा. १२० च्या टेम्पोवर ६० भाग म्हणजे सुमारे ६२ मिलिसेकंद होतात आणि तेवढा वेळ कणाला पुरतो. तोच तुकडा ६० च्या टेम्पोवर वाजवला की कण १२५ मिलिसेकंदांचा होतो, कानाला तो वेगळा सूर म्हणून जाणवतो आणि चाल बिघडते. स्टेपची मापे टेम्पोबरोबर ताणली जातात, पण गळ्यातला कण विलंबित लयीतही तितकाच झटकन लागतो. म्हणून संथ गाण्यात कणाला ३० भागांच्या आसपास ठेवावे. मेनूमध्ये इतकी लहान स्टेप नसेल तर नंतर इव्हेंट एडिटमध्ये जाऊन आकडा बदलावा. मुरकीलाही हाच नियम लागू होतो आणि तिथे तो अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण तीन-चार सूर एकापाठोपाठ येतात. कणाचा जोर मुख्य सुरापेक्षा कमी ठेवावा, हेही विसरू नये.

मींड मात्र स्टेपने लिहू नये असे माझे ठाम मत आहे. आधी मूळ सूर टाय देऊन हवा तेवढा लांब लिहावा, मग त्याच ट्रॅकवर ओव्हरडब करून (आधीचे न पुसता त्यावर नवे रेकॉर्ड करून) पिच बेंडचा दांडा हाताने फिरवावा. बेंडची मर्यादा अनेक कीबोर्डवर सुरुवातीला दोन अर्धस्वरांची असते. षड्जावरून शुद्ध ऋषभापर्यंत जायला ती पुरते, पण षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंतचे अंतर चार अर्धस्वरांचे आहे आणि तिथे ती वाढवावी लागते. ती मर्यादा रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवावी. नंतर बदलली तर आधी रेकॉर्ड केलेल्या सगळ्या मींडा तितक्याच प्रमाणात लांब किंवा आखूड होतात आणि एकही सुरावर पोहोचत नाही. मींड घेणाऱ्या वाद्याला स्वतंत्र चॅनेल द्यावा, कारण बेंड त्या चॅनेलवर वाजणाऱ्या प्रत्येक सुराला लागू होतो. त्याच चॅनेलवर कॉर्ड असेल तर तीही घसरेल.

पडघम

व्हायोलिनचा आवाज बदलून पाहिला आणि तान आता स्वच्छ ऐकू येते. सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोन गोष्टी विचारतो. गायिका काळी चारमध्ये गाते आणि मला पांढरी एकमध्ये लिहिणे सोपे जाते. तेव्हा ट्रान्सपोज (सगळे सूर दुसऱ्या पट्टीत सरकवण्याची सोय) लावून लिहावे की लिहून झाल्यावर? शिवाय त्रितालात समेपासून सुरू होणारी एक तिहाई लिहिली आहे. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक मात्रा मोकळी, असा तिचा बेत आहे. सोळा स्टेप्सच्या पॅटर्नमध्ये तिचा शेवटचा सूर बसतच नाही.

मंद्रसप्तक

ट्रान्सपोज शून्यावर ठेवून लिहावे आणि सगळे पूर्ण झाल्यावर हलवावे. ट्रान्सपोज लावलेला असताना दाबलेली पट्टी नोंदवली जाते की बदललेला सूर, हे प्रत्येक यंत्रात आणि त्याच्या सेटिंगप्रमाणे वेगळे असते. निम्मे ट्रॅक एका अवस्थेत आणि निम्मे दुसऱ्या अवस्थेत लिहिले गेले तर निस्तरायला फार वेळ जातो. तालवाद्याचा ट्रॅक मात्र हलवू नये, कारण तिथे प्रत्येक पट्टीवर वेगळे वाद्य असते आणि सूर सरकवला की डग्ग्याच्या जागी झांज वाजू शकते.

लयवेल्हाळ

तिहाईचे उत्तर मी देतो. पाच मात्रांचे तीन तुकडे म्हणजे पंधरा, मधल्या मोकळ्या मात्रा दोन, एकूण सतरा. सतरावी मात्रा म्हणजेच पुढच्या आवर्तनाची सम, आणि तिहाई तिथेच संपायला हवी, म्हणून तुमचा हिशेब अचूक आहे. पॅटर्न सोळा स्टेप्सचा असल्यामुळे सतराव्या सुराला त्यात जागा नाही. तो पहिल्या स्टेपवर टाकला तर दोन अडचणी येतात. तिहाई सुरू करणारा सूर आणि संपवणारा सूर एकाच वेळी वाजतात, शिवाय तो संपवणारा सूर पहिल्या आवर्तनाच्या आरंभीही ऐकू येतो.

म्हणून तिहाई पॅटर्नमध्ये न लिहिता गाण्याच्या सलग ट्रॅकवर लिहावी. चार बीटचे चार बार झाले की पाचव्या बारच्या पहिल्या बीटवर शेवटचा सूर येईल. एक मात्रेची स्टेप ठेवली तर सहाव्या आणि बाराव्या स्टेपला रेस्ट येतात आणि तुकडे पहिल्या, सातव्या व तेराव्या स्टेपपासून सुरू होतात. लिहून झाल्यावर एवढे तपासले तरी चूक कुठे आहे ते लगेच कळते. तुमच्या यंत्रात स्टेप रेकॉर्डिंग सुरू केल्यावर त्या बारमधले जुने सूर पुसले जात असतील, तर पाचव्या बारमध्ये आधी लिहिलेले काही जाऊ नये म्हणून तिहाई रिकाम्या ट्रॅकवर लिहा आणि नंतर मूळ ट्रॅकमध्ये मिसळा. शेवटच्या सुराचे ड्युरेशन बाकीच्या सुरांसारखे ठेवू नका. त्याला निदान दोन मात्रा टाय द्या, म्हणजे सम आल्याचे ऐकणाऱ्याला नीट कळेल.